वाटेकरी

गेली बारा वर्षं मी इथे सिअ‍ॅटलला वाटपाचं काम करते. पैशांचं नाही, धान्याचं नाही, डिस्कच्या वेगाचं.

क्लाउडमध्ये एकाच यंत्रावर अनेकांचे 'व्हर्च्युअल' संगणक नांदतात. प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच. मेमरीच्या भिंती घालता येतात, प्रोसेसरचा वेळ वाटून देता येतो. डिस्क मात्र सामायिक नळासारखी. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक विखुरलेल्या मागण्याच पुऱ्या करू शकते. आजच्या डिस्क कितीतरी पट वेगवान आहेत, पण वापरणारेही तितकेच वाढलेत. एका बिऱ्हाडाने मोठं काम काढलं की बाकीचे ताटकळतात. आमच्याकडे अशा भाडेकरूला 'नॉइझी नेबर' म्हणतात.

माझ्या आधीच्या नोकरीत एका रात्री एक दवाखाना असाच ताटकळला. पेशंटचे कागद उघडेनात. शेजारी कुणाचा तरी महिनाअखेरचा हिशेब चालला होता. दोघांनी पैसे भरलेले, दोघांचं काम खरं. थांबवायचं कुणाला?

सगळ्यांना सारखं द्यावं, हे सुचणं सोपं आहे. पण आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाची रांग आठवा. एकाला वाटीभर श्रीखंड हवं असतं, दुसरा घरच्या दहा जणांचे डबे भरून न्यायला आलेला असतो. 'प्रत्येकाला एक पाळी' म्हटलं तर डबेवालाच जिंकतो. म्हणून मागण्या नुसत्या मोजून चालत नाही, त्यांचा आकारही पाहावा लागतो. आणि 'कुणालाही दोन पुऱ्यांच्या वर नाही' असा कडक नियम केला, तर रात्री पुऱ्या उरतात. पुऱ्या निदान घरी नेता येतात. डिस्कचा रिकामा गेलेला सेकंद परत येत नाही.

२०१० साली अजय गुलाटी, आरिफ मर्चंट आणि पीटर वर्मन यांनी 'एमक्लॉक' नावाची पद्धत मांडली. तीत प्रत्येकाला तीन आकडे मिळतात: किमान हमी, कमाल मर्यादा आणि वाटा. आधी सगळ्यांची हमी पुरी करायची, उरेल ते वाट्याच्या प्रमाणात द्यायचं, मर्यादेपलीकडे कुणालाच नाही. अट एकच, हम्यांची बेरीज डिस्कच्या ताकदीबाहेर जाता कामा नये.

अ‍ॅमेझॉनच्या 'जीपी२' डिस्कमध्ये बचतीचीही सोय आहे. १०० जीबीच्या डिस्कला सेकंदाला ३०० मागण्यांचा हक्क असतो. न वापरलेला हक्क खात्यात जमा होतो आणि गरजेला ३००० पर्यंत धावता येतं. खातं भरलेलं असेल तर ही धाव सुमारे ३३ मिनिटं टिकते. काटकसरीने राहणाऱ्याला अडीअडचणीला हात मोकळा सोडता येतो.

त्या रात्री आम्ही दवाखान्याला हमी दिली आणि हिशेबाचा वाटा कमी केला. कागद उघडू लागले. हिशेब पंधरा मिनिटं उशिरा संपला. त्याची कुणी तक्रारही केली नाही.

गंमत म्हणजे, दवाखाना अडलेला असतानाही पडद्यावर सगळ्या यंत्राची सरासरी उत्तम दिसत होती. सरासरीत थांबलेला माणूस दिसत नाही. म्हणून रोज सकाळी कामाला बसले, की मी आधी सगळ्यात जास्त कोण थांबलं, ते पाहते.