द्वारकेची घागर

सातारा,
कार्तिकी एकादशी

चि. सई हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

घराण्याचा रिपोर्ट तू छापून घेतलास आणि बाळाला मांडीवर घेऊन वाचत बसलीस, हे कळलं आणि फार बरं वाटलं. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. ओळीओळीला ते बारीक ‘३ए’, ‘७बी’ कशाला, ते काढून एक स्वच्छ प्रत पाठवशील का? आणि आबांच्या दोन जन्मतारखा कशा? फोनवर सांगून भागण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसले. ते आकडे मी काढणार नाही. का, ते सांगायचं तर तुझ्या पणजीची, म्हणजे माझ्या आजीची गोष्ट सांगायला हवी.

आपल्या घरात वंशावळ होती. देवघराच्या फडताळात, लाल बासनात बांधलेली. सात पिढ्यांचे पुरुष त्यात एकाखाली एक लिहिलेले. बाई एकही नाही. पुढे कुलवृत्तान्त छापला गेला तेव्हा बायकांना जागा मिळाली, पण ती ‘पत्नी लक्ष्मीबाई’ एवढीच. लक्ष्मीबाई हे सासरचं नाव. लग्नात तांदळात लिहिलेलं. त्याआधी पंधरा वर्षं तिला कोणत्या नावानं हाक मारत होते, हे कुठेच नव्हतं. मी तिला पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ती गेली.

२०१३मध्ये मी संगणकावर ‘ग्रॅम्प्स’ घेतलं. डॉन ॲलिंगहॅम यांनी २००१मध्ये सुरू केलेलं हे वंशावळीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सगळी माहिती आपल्याच संगणकावर राहते. पहिल्या वर्षातच मी तीनशे नावं भरली. आजीच्या नावापुढे माहेरचं नाव ‘द्वारका’ असं लिहिलं. पुढच्या वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, गेले. तेराव्याला सगळे जमले होते, तेव्हा मी ती वंशावळ दाखवली. माझी चुलत बहीण म्हणाली, “आजीचं माहेरचं नाव गोदावरी होतं. तुला द्वारका कोणी सांगितलं?”

मला उत्तर देता आलं नाही. आबांनी सांगितलं होतं का? की थोरल्या आत्याबाईंनी? कधी, कुठे? ज्यांना विचारायचं ते दोघंही आता नव्हते. तीनशे नावं मी भरली होती, पण कोणतं नाव कोणाच्या तोंडून आलं याची एकही नोंद नव्हती. ज्या माणसांनी आठवून आठवून मला ते दिलं, त्यांचं ऋण मी लिहूनच ठेवलं नव्हतं. त्या रात्री ठरवलं, पहिल्या नावापासून परत सुरुवात करायची आणि आधाराशिवाय एक अक्षर भरायचं नाही.

ग्रॅम्प्समध्ये आधाराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, वस्तू कुठे आहे ती जागा: कचेरी, ग्रंथालय, एखाद्याचं घर. दुसरी, मूळ आधार, म्हणजे ती वही, तो दस्त, ते पुस्तक. तिसरी म्हणजे दाखला: त्या वहीतलं नेमकं कोणतं पान, कोणती नोंद, कोणत्या तारखेची, आणि माझ्या मते ती किती भरवशाची. भरवशाचे पाच दर्जे आहेत, अगदी कमीपासून खूप जास्तपर्यंत. आपण काही निवडलं नाही तर सॉफ्टवेअर ‘साधारण’ धरतं. म्हणून प्रत्येक दाखल्याशी थांबून दर्जा मी स्वतः ठरवते. आणि हा दाखला माणसाला चिकटवायचा नाही, एकेका गोष्टीला चिकटवायचा: नावाला वेगळा, जन्माला वेगळा, लग्नाला वेगळा.

मग मी आजीला शोधायला निघाले. पहिल्यांदा नाशिक. आपल्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आजोबांच्या हातची मोडीतली नोंद सापडली. वडिलांच्या अस्थी घेऊन ते गेले होते. ‘शके १८४९ माघ’, खाली भावांची नावं, मुलांची नावं, आणि ‘स्त्री लक्ष्मी, माहेर वाई’. वाई! आजीचं गाव मला पहिल्यांदा तिथे कळलं. घरी येऊन मी शकात ७८ मिळवले आणि १९२७ लिहिलं. ते चुकलं होतं. शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत, त्यामुळे माघ-फाल्गुनाच्या नोंदीला ७९ मिळवावे लागतात. ती नोंद १९२८ची. पण दाखल्यात मी ‘शके १८४९ माघ’ जसंच्या तसं उतरवलं होतं, म्हणून चूक मला सापडली. ग्रॅम्प्सला हिजरी, हिब्रू, पर्शियन पंचांगं कळतात, आपला शक कळत नाही. तेव्हा इंग्रजी तारीख भर, पण मूळ अक्षरं दाखल्याच्या टिपेत ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

दुसरा कागद फेरफाराचा. आजोबा १९४३मध्ये गेले, तेव्हा जमिनीला वारस लागले. ‘लक्ष्मीबाई भ्र.’ आणि पुढे आजोबांचं नाव. भ्र. म्हणजे भ्रतार. खाली आबांचं आणि काकांचं नाव, ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालन कर्ता. आबा तेव्हा चौदा वर्षांचे. सई, त्या तीन अक्षरांपाशी मी किती वेळ बसले होते! जमीन, दोन अज्ञान मुलं, आणि सगळ्याचा भार जिच्यावर आला ती बाई सरकारी कागदावर ‘आई’ म्हणून उभी.

तिसरी, गावच्या मृत्युनोंदवहीतली आजीची नोंद. १९५१, वय ५२. म्हणजे जन्म १८९९च्या सुमाराचा. इथे एक बारकावा शिकले. एलिझाबेथ शोन मिल्स या अमेरिकी संशोधक बाईंनी दाखले कसे लिहावेत यावर २००७मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं की आधार एक, त्यातली माहिती दुसरी आणि त्यातून आपण काढतो तो पुरावा तिसरा. तिन्ही वेगवेगळे तपासावेत. मृत्यूची नोंद मृत्यूच्या तारखेला पक्की असते, कारण ती तेव्हाच लिहिलेली. पण त्याच ओळीतलं वय कोणीतरी अंदाजानं सांगितलेलं. सांगणाऱ्यानं तिचा जन्म थोडाच पाहिला होता? म्हणून त्या एकाच कागदाचे मी दोन दाखले केले. मृत्यूला ‘खूप जास्त’ आणि जन्माला ‘कमी’.

एवढं होऊनही माहेरचं नाव मिळेना. लक्ष्मीबाई सगळीकडे, द्वारका कुठेच नाही. आणि ते मिळालं कुठे, तर त्याच चुलत बहिणीच्या माळ्यावर. दिवाळीची भांडी काढताना तिनं एक पितळी घागर चिंचेनं घासली आणि गळ्याशी अक्षरं उमटली. तिनं लगेच मला बोलावलं. ‘चि. सौ. कां. द्वारका हीस मामाकडून, शके १८३६ वैशाख’. वैशाख, म्हणून ७८ मिळवायचे: १९१४. आजी तेव्हा पंधराची. बहीण घागर हातात धरून गप्प उभी होती, आणि मीही.

पण घाई करायची नाही, हे मी तोवर शिकले होते. त्या घागरीवर ‘हीच पुढे लक्ष्मीबाई’ असं कुठे लिहिलंय? ते जोडायला दुसरं काही हवं. बहिणीनं सांगितलं, तिच्या आईनं ही घागर सासूनं माहेराहून आणलेली म्हणूनच सांभाळली होती. तेव्हा नोंद अशी झाली: जागा, चुलत बहिणीचं घर, आधार, पितळी घागर, दाखला, गळ्यावरची ओळ, शब्दशः, सोबत फोटो. दुसरा दाखला, बहिणीचं तोंडी सांगणं, तारखेसह. दोन्ही मिळून ‘द्वारका’ या नावाला लागले, दर्जा ‘जास्त’. ‘खूप जास्त’ नाही. आणि ‘गोदावरी’ मी पुसलं नाही. आजीचं पर्यायी नाव म्हणून ते राहिलं आहे, त्याखाली सांगणारीचं नाव आणि तारीख आहे, दर्जा ‘कमी’. उद्या तुला वाईत एखादा कागद सापडला, तर तो कुठे जोडायचा हे तुला शोधावं लागणार नाही.

आता तुझ्या आकड्यांकडे येते. ‘३ए’ मधला ३ म्हणजे मूळ आधार आणि ए म्हणजे त्यातला पहिला दाखला. रिपोर्टच्या शेवटी बघ: ३ला फेरफारांची वही आहे आणि खाली ए, बी करून एकेक नोंद. एकच वही दहा माणसांना लागली तरी ती एकदाच भरायची. रिपोर्ट ती आपोआप एका जागी आणतो. मी रिपोर्ट काढते तेव्हा संदर्भ देण्याचा पर्याय मुद्दाम निवडते. तो निवडला नाही तर नावं तेवढी उरतात आणि लाल बासनातल्या वंशावळीसारखी ती फक्त मानून घ्यावी लागतात.

डाव्या बाजूचे मोठे क्रमांक वेगळे. त्यात तू १, तुझे बाबा २, आई ३. ज्याचा जो क्रमांक, त्याची दुप्पट त्याचा बाप आणि दुपटीत एक मिळवला की आई. १५९०मध्ये मिखाएल आइत्सिंगर यांनी ही रीत छापली आणि १८९८मध्ये केकुले फॉन श्ट्राडोनित्स या जर्मन अभ्यासकानं ती रूढ केली. त्याच १८९८मध्ये इकडे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत फिरले, कारण अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही, यावर त्यांची निष्ठा होती. मला वाटतं, घराण्याच्या छोट्या इतिहासालाही तोच नियम हवा. आणि त्या जर्मन क्रमांकांचं मला मोल वाटतं ते यासाठी, की त्यात प्रत्येक आईची जागा राखलेली आहे. तुझ्या रिपोर्टात आजोबा ८ आणि आजी ९. नाव सापडलं नाही तरी ९ची जागा दुसरं कोणी घेऊ शकत नाही.

आबांच्या दोन तारखा. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२९. त्या काळी मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख कोणाला सांगता येत नसे, मग गुरुजी १ जून टाकत. गावोगाव अशी १ जूनची माणसं तुला भेटतील. पत्रिकेत शके १८५१ आश्विन, म्हणजे १९२९चा ऑक्टोबर. पत्रिका जन्माच्या वेळी केलेली, म्हणून मी तो जन्म मुख्य धरला. पण आबांनी नोकरी केली, निवृत्त झाले, पेन्शन घेतली ती १ जूनवर. ती तारीखही त्यांच्या आयुष्याचाच भाग आहे. ती काढली तर त्यांचे सगळे सरकारी कागद परक्याचे वाटतील. म्हणून दोन्ही ठेवल्या, आपापल्या दाखल्यासकट.

आता तुझ्यासाठी काम. तुझ्याकडचं सॉफ्टवेअर वेगळं आहे, म्हणून तू गेडकॉम फाइल मागितलीस. लॅटर-डे सेंट्स या चर्चनं १९८४मध्ये ही पद्धत काढली आणि जवळजवळ सगळी सॉफ्टवेअरं ती वाचतात. पण तिच्यात भरवशाचे दर्जे चारच, शून्य ते तीन. माझे पाच त्यात जसेच्या तसे मावत नाहीत. फोटोही आत जात नाहीत, त्यांचे पत्ते तेवढे जातात. म्हणून गेडकॉमबरोबर ग्रॅम्प्सचं संपूर्ण पॅकेजही पाठवते आहे. घागरीचा, फेरफाराचा, वहीच्या पानाचा फोटो त्यात आहे. तिकडे उघडलंस की पहिल्यांदा आजीचं पान काढ आणि दाखले शाबूत आहेत ना, ते मोजून बघ. हयात माणसांच्या नोंदी मी खाजगी केल्या आहेत. रिपोर्ट कोणाला देशील तेव्हा त्या वगळूनच दे. बाळाची नोंद तर नक्कीच.

ती नोंद मात्र तू स्वतः भर. बाळाला १ धरून रिपोर्ट काढलास की सगळे क्रमांक बदलतील. तू ३ होशील, तुझे बाबा ६, आबा १२, आजोबा २४ आणि द्वारका २५. क्रमांक बदलतील, पण दाखले जिथे आहेत तिथेच राहतील. बाळाच्या जन्माला दवाखान्याचा कागद लाव, आणि नाव कोणी सुचवलं तेही आजच लिहून ठेव.

आणि हे पत्रही आधारात घाल. घागरीवरची अक्षरं मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहेत, त्याला ‘जास्त’ दे. आजीच्या तरुणपणाचं इतर जे काही मी सांगत आले, ते ऐकलेलं आहे. त्याला ‘कमी’ दे, आणि सांगणारी म्हणून माझं नाव लिही.

बाळाला गोड पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आत्या