शिल्लक आली कुठून?

गोड बोलणारा माणूस लेचापेचा आणि टेबल आपटणारा खरा, हा ऑफिसातला जुना समज. लेखापरीक्षणात नोकरी केल्यामुळे मला तो कधी पटला नाही. ‘कामात गोलमाल दिसतो’ असा शेरा मारला की समोरचा अभियंता बाह्या सरसावतो आणि पुढची सगळी चर्चा त्याच्या अब्रूवर होते. त्याऐवजी ‘मोजमाप पुस्तिकेत खडी ३० घनमीटर, बिलात ४५, खुलासा व्हावा’ एवढंच लिहा. तो मुकाट्याने कपाटाकडे वळतो. यातला दुसरा शेरा जास्त बोचरा आहे, हे त्यालाही कळतं.

गोपाळ कृष्ण गोखले मला नेमस्त पुढाऱ्यापेक्षा ऑडिटरच जास्त वाटतात. १८९७ साली ते हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं पुण्याहून आलेल्या पत्रांतून त्यांना कळलं, आणि तिथे त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. सरकारने पुरावा मागितला. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतरचे ते दिवस. परत येऊन पाहतात तर नावानिशी पुढे यायला कोणी तयार नाही. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि पुण्यात त्यांची छीथू झाली. सोल्जर सोवळे होते असं यातून मुळीच निघत नाही. हातात कागद नव्हता, एवढंच.

२६ मार्च १९०२. कलकत्त्याला कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावरचं त्यांचं पहिलं भाषण, समोर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. दुष्काळाने देश पिचलेला आणि सरकार शिलकीवर खूश. या आनंदात सामील होता येत नाही, असं गोखल्यांनी शांतपणे सांगितलं आणि शिल्लक आली कुठून ते उलगडून दाखवलं. रुपयाचा भाव कृत्रिमरीत्या चढवल्याने विलायतेच्या देण्याला कमी रुपये लागू लागले. पण रुपया घसरलेला असताना वाढवलेले कर तसेच राहिले होते. आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशींची मेहनत होती. कोणाच्या हेतूवर एक शिंतोडा नाही. हेतूबद्दल बोलले असते तर कर्झनसाहेबांना उत्तर द्यायला किती सोपं गेलं असतं!

पुढच्या वर्षी या वाढवलेल्या करांपैकी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. तो या भाषणामुळेच उतरला असं मी म्हणणार नाही. गोखले मात्र पुन्हा पुन्हा मिठाकडे वळत राहिले, आणि १९०७ मध्ये तो एक रुपयावर आला.