ठळक म्हणजे जाड की उजळ?

पुण्यातल्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळते. कामाचा बहुतेक वेळ टर्मिनलच्या खिडकीत जातो. तिथे चित्रं नसतात, बटणं नसतात. आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं आणि उत्तर ओळीओळीने वाचायचं. सगळी अक्षरं एकाच मापाची आणि एकाच रुंदीची असतात. पानावर मथळा मोठा करून नजर खेचता येते, तशी सोय इथे नाही. बहुतेक वेळा रंग आणि ठळकपणा या दोन गोष्टींवर भागवावं लागतं.

त्यामुळे या दोन्हींचा वापरही सढळ होतो. लिनक्सवर एलएस ही आज्ञा दिली की फोल्डरांची नावं ठळक निळी येतात, चालवता येणाऱ्या फायली ठळक हिरव्या आणि झिप-टारसारखी गाठोडी ठळक लाल. ग्रेपने शोधलेला शब्द ओळीत ठळक लाल होऊन उठून दिसतो. जीसीसी कंपायलर चूक ठळक लाल रंगात दाखवतो. आज्ञांची माहिती देणारी मॅनची पानं उघडली की आज्ञेचं नाव आणि तिचे पर्याय ठळक असतात. रात्री एखादी सेवा बंद पडली आणि शेकडो ओळींच्या लॉगमधून एकच ओळ हुडकायची असली, की डोळे आपोआप या खुणांच्या मागे जातात.

मी बरीच वर्षं सोलराइज्ड ही रंगसंगती वापरते. ईथन शूनओव्हर यांनी ती २०११ साली प्रसिद्ध केली. डोळ्यांना सौम्य, निळसर गडद पार्श्वभूमी, त्यावर राखाडी मजकूर आणि आठ मोजके रंग. एका दुपारी आमच्या टीममधला नवा ट्रेनी माझ्या खुर्चीमागे उभा राहून काम बघत होता. मी एलएस दिलं आणि तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे फोल्डर राखाडी का दिसतात? माझ्याकडे तर निळे आहेत."

मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. फोल्डरांची नावं आजूबाजूच्या मजकुराच्याच रंगात होती, फक्त जाड. चालवता येणाऱ्या फायली तर साध्या मजकुराहूनही मंद होत्या. ज्यांनी उठून दिसायचं त्याच मागे सरल्या होत्या. नजरेला सवय झाली होती, म्हणून ते कधी खटकलं नव्हतं.

"थांब, एक गंमत करू," म्हटलं. आठही मूळ रंगांचा एकेक शब्द आधी साधा आणि मग ठळक छापणारी छोटीशी लूप लिहिली. त्याच्या मशीनवर चालवली, तेव्हा ठळक ओळीतले आठही रंग तेच होते, जरा जास्त चमकदार. माझ्याकडे मात्र हिरवा, पिवळा, निळा आणि आकाशी हे चारही ठळक होताच राखाडीच्या वेगवेगळ्या छटा झाले, लालचा नारिंगी झाला आणि किरमिजीचा जांभळा. आज्ञा तीच, रंगांचे संकेत तेच, आणि दोन खिडक्यांत दोन तऱ्हा.

याचं मूळ फार जुनं आहे. टर्मिनलला अक्षर ठळक करायला सांगायचं तर एक छोटा संकेत पाठवतात: एस्केप हे अक्षर, मागोमाग डावा चौकोनी कंस, मग १ आणि शेवटी एम. निळा रंग हवा असेल तर १ ऐवजी ३४; दोन्ही हवे असतील तर १;३४. एलएस फोल्डरांसाठी हेच पाठवते. पण १ म्हणजे नेमकं काय, हे ईसीएमए-४८ या मानकाने एका अंगाने मोकळं ठेवलं आहे. त्यात या आकड्याचा अर्थ 'जाड किंवा वाढीव तेज' असा दिलेला आहे. कोणता अर्थ घ्यायचा, ते दाखवणाऱ्या यंत्रावर सोडलं आहे.

ही मोकळीक देण्यामागे कारण होतं. १९७८ साली आलेल्या डेक कंपनीच्या व्हीटी१०० टर्मिनलवर जाड अक्षर म्हणजे त्याच आकाराचं, पण जास्त उजेड टाकणारं अक्षर. तेसुद्धा मूळ यंत्रात मिळत नसे, त्यासाठी वेगळं व्हिडिओ कार्ड बसवावं लागे. उलट कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपकडे तेज वाढवायला काहीच नव्हतं. तिथे एक अक्षर छापायचं, बॅकस्पेसने मागे यायचं आणि त्याच जागी तेच अक्षर पुन्हा ठोकायचं, की ते गडद व्हायचं. मॅनची पानं तयार करणाऱ्या एनरॉफने ही रीत पुढे चालू ठेवली. अक्षर, बॅकस्पेस, अक्षर असा क्रम दिसला की तो ठळक करून दाखवण्याची अक्कल लेस या प्रोग्रॅममध्ये आजही आहे.

मग १९८१ साली आयबीएम पीसीबरोबर रंगीत सीजीए कार्ड आलं. त्यात अक्षराच्या रंगासाठी चार बिट होते: लाल, हिरवा, निळा आणि चौथा तेजाचा. पहिल्या तिघांतून आठ रंग, तेजाचा बिट लावला की त्यांच्याच आठ उजळ आवृत्त्या, असे एकूण सोळा. ठळक हा संकेत या चौथ्या बिटावर नेऊन बसवणं अगदी सोयीचं होतं. लिनक्सच्या कन्सोलवर ३३ हा आकडा दिला तर पिवळ्याऐवजी तपकिरी रंग दिसतो आणि ठळक केला की तो पिवळा होतो, ही त्याच काळाची खूण. पुढे खिडकीत चालणारे टर्मिनल आले, त्यांना फाँटची जाड आवृत्ती सहज मिळू लागली. तरी सवय म्हणून ठळक आणि उजळ यांची जोडी तशीच राहिली. एक्सटर्ममध्ये बोल्डकलर्स नावाची सेटिंग आहे. ती चालू असली की पहिल्या आठ रंगांची जागा पुढचे आठ घेतात, आणि मुळात ती चालूच असते.

सोलराइज्डने या पुढच्या आठांपैकी बहुतेक जागा राखाडी छटांना दिल्या आहेत, कारण सोळा घरांत तिला आठ रंग आणि आठ राखाडी बसवायचे होते. निळ्याच्या उजळ घरात तर नेमका मजकुराचाच रंग आहे. रंगसंगती आपल्या हिशोबाने बरोबर होती आणि टर्मिनलही आपल्या परंपरेने बरोबर होता. दोघांचं एकमेकांशी बोलणं कधी झालं नव्हतं, एवढंच.

उपाय अगदी सोपा निघाला. माझ्या गनोम टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या रंगांच्या पानावर ठळक मजकूर उजळ रंगात दाखवण्याचा एक चौकोन आहे. त्यावरची खूण काढली आणि फोल्डर निळे झाले, फायली हिरव्या झाल्या. जाडी होती तशीच राहिली. मग मी काम करते त्या इतर मशीनवरही ही सेटिंग शोधत गेले. पुटीमध्ये खिडकीच्या रंगांच्या पानावर सरळ विचारलेलं आहे: ठळक मजकूर फाँट बदलून दाखवू, रंग बदलून दाखवू की दोन्ही बदलून? विंडोज टर्मिनलमध्येही असेच पर्याय आहेत. तिथे जाड, उजळ, दोन्ही किंवा काहीच नाही, असं निवडता येतं आणि आपण काही न निवडल्यास उजळ. अलॅक्रिटीमध्ये हा बदल आपण सांगितल्याशिवाय होत नाही. कॅलिबर हा ई-पुस्तकांचा प्रोग्रॅम लिहिणारे कोविद गोयल यांचाच किटी हा टर्मिनल आहे. त्यात ठळक म्हणजे फक्त जाड फाँट, उजळ करण्याचा प्रश्नच नाही.

ट्रेनीलाही मी उत्साहाने तोच सल्ला दिला. त्याने चौकोनावरची खूण काढली आणि थोड्याच वेळात माझ्याकडे आला.

"मॅडम, डिप्लॉयमेंटची स्क्रिप्ट अर्धवट चालतेय. मधल्या सूचनाच येत नाहीत."

"एरर आलाय का काही?"

"नाही ना. ओळी रिकाम्याच दिसतात."

स्क्रिप्ट टीममध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. उघडून पाहिली तर सूचनांच्या ओळींना १;३० हा संकेत होता, म्हणजे ठळक काळा. लिहिणाऱ्याला हवा होता करडा रंग. काळा ठळक केला की उजळ काळा, म्हणजेच करडा मिळतो, हे त्या काळी सगळ्यांना ठाऊक होतं. आता ठळकचा अर्थ फक्त जाड असा झाल्यावर त्याच्या काळ्या खिडकीत जाड काळी अक्षरं उमटत होती. माझ्या खिडकीत तर त्या ओळी कधीच दिसल्या नव्हत्या, कारण सोलराइज्डमध्ये उजळ काळ्याच्या घरात गडद पार्श्वभूमीचाच रंग आहे. स्क्रिप्ट मधेच गप्प बसते, अशी माझी समजूत होती. ती इतकी वर्षं माझ्याशी बोलत होती.

इथे मला सेटिंगपेक्षा महत्त्वाची गोष्ट कळली. ठळक हा निरोप अर्धाच असतो. पाठवणारा फक्त १ पाठवतो. त्याचं जाड करायचं, उजळ करायचं की दोन्ही, हे पलीकडची खिडकी ठरवते. तेव्हा आपल्या खिडकीपुरती सोय लावणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे आपण जे पाठवतो ते पलीकडच्या निवडीवर लोंबकळत ठेवायचं नाही. उजळ रंगच हवा असेल तर ९० ते ९७ हे वेगळे आकडे आहेत. आयबीएमच्या एआयएक्स या प्रणालीवरच्या टर्मिनलपासून ते चालत आले आणि आज जवळपास सगळीकडे समजतात. पण सोलराइज्डवाल्यांसाठी ९० हाही पार्श्वभूमीतच विरघळणार. म्हणून त्या स्क्रिप्टमध्ये मी १;३० काढून नुसता २ घातला. २ म्हणजे फिकट: जो काही मजकुराचा रंग असेल तोच, जरा मंद. काळी खिडकी असो, पांढरी असो वा निळसर, ओळ वाचता येते.

पांढऱ्या खिडकीचं नाव काढलं ते उगाच नाही. आमच्या टीममधले काहीजण उजेडाच्या जागी बसतात आणि फिकट पार्श्वभूमी वापरतात. तिथे ठळकचं उजळ करणं म्हणजे अक्षर पार्श्वभूमीच्या आणखी जवळ नेणं. उजळ पिवळा इशारा पांढऱ्यावर जवळजवळ पुसून जातो. तेज वाढवलं की उठून दिसतं, हा हिशोब मुळात काळ्या काचेवरचा आहे.

रंगाचा प्रश्न मिटल्यावर जाडीचा आला. गडद पार्श्वभूमीवर फिकी अक्षरं आधीच थोडी फुगलेली वाटतात. त्यात फाँटचं पूर्ण बोल्ड वजन लावलं की लहान आकारात ई, ए, एस या अक्षरांची पोकळी बुजते आणि ८ चा ६ वाटू लागतो. लॉगमधल्या आकड्यांत हे परवडत नाही. अलॅक्रिटी आणि किटी यांमध्ये ठळकसाठी कोणता फाँट, कोणतं वजन, हे वेगळं सांगता येतं. मी आयबीएम प्लेक्स मोनो वापरते. त्यात साध्या मजकुराला रेग्युलर आणि ठळकला बोल्डऐवजी सेमीबोल्ड लावलं. फरक नजरेत येतो, पण अक्षर गुदमरत नाही. फाँट निवडताना त्याला स्वतःचं जाड वजन आहे का, हेही आता आधी बघते. मॅकवरच्या मोनॅकोसारख्या काही फाँटांना ते नाही. अशा वेळी टर्मिनल नेहमीचंच अक्षर थोडं पसरवून वेळ मारून नेतो.

मराठीत हे जास्त जाणवतं. आमच्या एका प्रणालीत ग्राहकांची नावं देवनागरीत आहेत आणि ती लॉगमध्ये येतात. टर्मिनलचं सगळं गणित समान रुंदीच्या चौकटींचं, त्यामुळे जोडाक्षरं आणि मात्रा आधीच अवघडून बसतात. इंग्रजी मोनो फाँटमध्ये देवनागरी नसते, म्हणून ती अक्षरं दुसऱ्या फाँटमधून येतात. माझ्याकडे तो लोहित देवनागरी होता आणि त्याला एकच वजन आहे. ग्रेपने नाव शोधलं की कृत्रिम जाडीमुळे शिरोरेघ सुजायची, अनुस्वार रेघेला चिकटायचा, आणि 'ध' आहे की 'घ' हे पुन्हा निरखून बघावं लागायचं. त्याच्या जागी नोटो सान्स देवनागरी आणला. त्याला खरं जाड वजन असल्यामुळे रेघ आणि मात्रा आपापल्या जागी राहतात. चौकटींचा अवघडलेपणा आहे तसाच आहे, पण नाव वाचता येतं.

आता नव्या मशीनवर बसले की कामाला हात लावण्याआधी ती आठ रंगांची लूप चालवते आणि तिच्याखाली एक मराठी ओळ ठळक छापून बघते. ट्रेनीने ती लूप टीमच्या साधनांच्या फोल्डरमध्ये टाकली आहे. स्क्रिप्ट तपासायला आली की मी एक प्रश्न नक्की विचारते: यातले सगळे रंग आणि सगळी जाडी काढून टाकली, तर वाचणाऱ्याला चूक कुठली आणि सूचना कुठली, हे कळेल का? कळत नसेल तर ओळीच्या सुरुवातीला 'चूक' किंवा 'सूचना' असा शब्द घालायला सांगते. तो शब्द दिसणं न दिसणं कुणाच्या सेटिंगवर अवलंबून राहत नाही.