मिनिटभराचे मोजमाप

वाचकहो, घरात तान्हे बाळ असेल, तर त्याच्या उशाशी सर्वाधिक वेळ बसणारे बहुधा आपणच असता. म्हणून हे आपल्याला उद्देशून.

ओझरला दवाखाना थाटला त्या सुरुवातीच्या वर्षांतली एक थंडीची संध्याकाळ मनातून जात नाही. एक आजी अठरा दिवसांच्या नातवाला घेऊन आल्या. "कालपासून नुसता निजतोय, अंगावर पीत नाही," म्हणाल्या. ताप नव्हता, म्हणून मी साधी सर्दी ठरवली. बाळाचे श्वास मोजले नाहीत. पहाटे ते गेले. आजींनी नेमके तेच सांगितले होते, जे मी ऐकायला हवे होते.

पुढे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा १९९९चा 'लॅन्सेट'मधील लेख वाचला आणि ती चूक अधिकच बोचली. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन डॉ. राणी व अभय बंग गडचिरोलीला आले आणि त्यांनी 'सर्च' संस्था उभारली. तिथल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे शिकवले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

बालकाचा आरोग्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात लिहिलेला आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. पण करारातल्या शब्दांना बळ येते ते अशा खेड्यांतल्या नोंदींमुळे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून आपल्या देशात आशाताईंकडे हे काम आले. जगापुढे बालकांची बाजू मांडणाऱ्यांच्या हाती शेवटी कुणीतरी झोपडीत बसून केलेली मोजदादच असते.

आपणही ती करू शकता. बाळ शांत असताना अंगावरचे पांघरूण बाजूला करून पोटाची हालचाल पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास साठ किंवा अधिक भरले, तर पुन्हा मोजा. तरीही तितकेच असतील, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, मलूल किंवा गार पडले असेल, तर ताप नसला तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा. वाटेत त्याला छातीशी धरून ऊब द्या. मध किंवा गुटी चाटवू नका.

आणि सव्वा महिन्याच्या आत आशाताई दारी आल्या, तर दृष्ट लागेल म्हणून बाळ झाकून ठेवू नका. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीची त्यांची भेट हा त्या बाळाचा हक्क आहे. तो बाळाला मागता येत नाही. त्याच्या वतीने दार उघडणारे आपणच.