राजाबाई, मुक्काम फोर्ट

चर्चगेटला उतरून हायकोर्टाकडे निघालात की ओव्हल मैदान कापत जाणारी एक पायवाट लागते. त्या वाटेवर समोर उभ्या दिसतात त्या राजाबाई. हुद्दा घड्याळाचा मनोरा, पत्ता मुंबई विद्यापीठ, उंची २८० फूट. वय लपवायचा स्वभाव नाही. १८७८ चा जन्म आहे आणि ते सांगताना मान जरा जास्तच ताठ होते. दर पंधरा मिनिटांनी काहीतरी बोलायचं, ही त्यांची सवय. ऐकायला कोणी थांबलंय का, हे त्या बघत नाहीत. पायवाटेवरची माणसं आठ त्रेपन्नच्या फास्टचा हिशोब करत मोबाइलमध्ये डोकं घालून चाललेली असतात. ज्या शहरात त्रेपन्न आणि चोपन्न यांत लोकल सुटते, तिथे पाव तासाच्या मापाने वेळ सांगणं हा शुद्ध खानदानी थाट झाला.

थाट तर विचारू नका. चारी दिशांना चार तोंडं, म्हणजे पाठ कुणाकडेच नाही. वर्ण कुर्ल्याच्या दगडाचा, पिवळसर. पेहराव व्हेनिसच्या वळणाचा गॉथिक, कमानी, जाळ्या, नक्षी, कुठे कसर म्हणून नाही. पायाशी पोर्च, कारण भेटायला येणारा बग्गीतूनच येणार अशी समजूत. आणि अंगावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे. हे रावबहादुर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्यांचं काम. त्यांनी एवढ्या मेहनतीने घडवलेली माणसं नेऊन बसवली अशा उंचीवर, की कुणाचं पागोटं कुठल्या घाटाचं हे ओळखायला दुर्बीण लागावी. दागिने घडवले कुणी आणि ते दिसतात कुणाला, याची चिंता बाईंनी कधी केली नाही.

बाईंचा आराखडा काढला लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. सेंट पँक्रस स्टेशनातलं ते प्रचंड हॉटेल बांधणारे हेच. हे गृहस्थ मुंबईला कधी आलेच नाहीत. नकाशे तेवढे समुद्रावरून आले. शेजारचं पदवीदान सभागृह हा बाईंचा थोरला भाऊ, तोही स्कॉटसाहेबांचाच, १८७४ चा. बाई पूर्ण झाल्या १८७८ च्या नोव्हेंबरात आणि स्कॉटसाहेब त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वारले. अशा परिस्थितीत वाढलेल्या मुली हट्टी निघतात.

पैसा मात्र इथलाच. प्रेमचंद रायचंद म्हणजे कापूस आणि शेअर बाजाराचे त्या काळचे अनभिषिक्त राजे. तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि इकडे मुंबईत पैशाचा पाऊस पडला. त्या पावसात, १८६४ साली, प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि थोड्याच दिवसांनी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. इच्छा एवढीच, की मनोऱ्याला आईचं नाव द्यावं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि जुलै १८६५ मध्ये अर्धी मुंबई बसली, प्रेमचंदांसकट. देणगीचा विचार त्यांनी आठ-दहा महिने लांबणीवर टाकला असता तर ग्रंथालयावर साधं कौलारू छप्पर आलं असतं. शेठजींच्या आयुष्यातला वेळ साधून केलेला सर्वांत चोख व्यवहार हाच, असं माझं मत आहे.

ज्यांच्या नावाने बाई उभ्या आहेत त्या मातोश्रींची एक गोष्ट कुणीही मुंबईकर तुम्हाला सांगेल. त्या अंध होत्या, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायच्या, आणि वेळ कळावी म्हणून लेकाने टोल वाजवणारा मनोरा बांधला. गोष्ट गोड आहे. पण देणगी १८६४ ची आणि घड्याळ १८७८ चं. मधली चौदा वर्षं मातोश्री काय टोलाची वाट बघत ताटावर बसून होत्या? शिवाय शेठजींचा बंगला भायखळ्याला. तिथवर ऐकू जायचं म्हणजे टोल नव्हे, तोफच हवी. बाई या गोष्टीला हो म्हणत नाहीत आणि नाही तर त्याहून म्हणत नाहीत. आपल्याबद्दल चांगलं बोललं जात असताना कोण मधे तोंड घालतं!

आता स्वभावाकडे येऊ, कारण बाईंची खरी ओळख तिथे आहे.

त्या काळी प्रत्येक शहराला आपापला सूर्य होता. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटं, मद्रासची पाच तास एकवीस. रेल्वे आणि तारखातं मद्रास टाइमवर चालायचं, बाकी मुंबई मुंबईच्या वेळेने जेवायची आणि झोपायची. स्टेशनातलं घड्याळ गावाच्या अर्धा तास पुढे असायचं, आणि गाडी चुकलेल्या माणसाला दोष द्यायला एक सबंध शहर मिळायचं. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवलं की हा घोळ पुरे, सरकारी कारभार यापुढे मद्रास टाइमवर. शहराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमचा सूर्य मद्रासहून पार्सलने येणार काय, असा एकंदर सूर.

सरकारला वाटलं, गावातलं सर्वांत उंच घड्याळ आपल्या बाजूने आलं की बाकीची मुकाट्याने काटे फिरवतील. पण बाई विद्यापीठाच्या, सेक्रेटरिएटच्या नव्हेत. त्या मुंबईच्या वेळेवरच राहिल्या. तेव्हा सरकारने आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं: दिवाबत्ती. रात्री तबकडी उजळायचा खर्च सरकार देत असे. मद्रास टाइम दाखवणार नसाल तर तो मिळणार नाही, असं बजावण्यात आलं. म्हणजे घरमालकाने भाडेकरूची वीज तोडावी तसलाच प्रकार. १८८३ मध्ये विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मतं पडली आणि कौल लागला मुंबईच्या वेळेला. शेवटी माघार घेतली ती सरकारने.

याच फर्ग्युसनसाहेबांच्या नावाने पुण्यात १८८५ साली कॉलेज निघालं. पुण्याने साहेबांचं नाव घेतलं, मुंबईने साहेबांची वेळसुद्धा घेतली नाही. दोन्ही गावांचा स्वभाव यात आला.

पुढे १९०६ मध्ये साऱ्या देशाला एक वेळ लागली, मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटं पुढची. शहर तेव्हाही कुरकुरलं. महापालिकेने तर स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही काळ आपला जुना मुंबई टाइम सोडला नव्हता. आज बाई निमूटपणे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात. पण मुंबईचा सूर्य अजूनही घड्याळात बारा वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास डोक्यावर येतो, हे त्यांच्या लक्षात नसेल असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे गव्हर्नराला न जुमानणाऱ्या या बाई साम्राज्याची गाणी मात्र मन लावून गायच्या. एकूण सोळा चाली पाठ होत्या. 'रूल ब्रिटानिया' काय, 'गॉड सेव्ह द किंग' काय, 'होम स्वीट होम' काय. दिवसातून चार वेळा चाल बदलायची. हल्ली एकच उरली आहे. संस्थान खालसा झालेल्या गवयासारखी तेवढीच चीज घोळवत बसतात, पण सूर पक्का आहे.

एका विषयावर मात्र त्यांच्यासमोर थट्टा चालत नाही. एप्रिल १८९१ मध्ये दोन तरुण पारशी स्त्रियांचा मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाला. त्यांतली बचुबाई ही अर्देशिर गोदरेज यांची पत्नी, पुढे ज्यांची कुलपं घरोघरी गेली त्यांची. खटला चाललेला सगळ्या शहराने श्वास रोखून पाहिला. नेमकं काय घडलं ते शेवटपर्यंत उलगडलं नाही. आज वर जाण्याची वाट पाहुण्यांना बंद आहे.

शेजाऱ्यांशी संबंध बरे आहेत. उत्तरेला हायकोर्ट, तेही १८७८ चंच. बाई दर पंधरा मिनिटांनी वेळ गेल्याचं सांगतात आणि कोर्ट ते अत्यंत आदराने ऐकून पुढची तारीख देतं. विद्यापीठाच्या निकालांबद्दल मी इथे काही बोलत नाही; बाई त्यांच्याच घरात राहतात.

खरा सल आहे तो समोरच्यांचा. बाई नव्या होत्या तेव्हा ओव्हलच्या पलीकडे रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे थेट समुद्र. पश्चिमेच्या तोंडाला रोजचा सूर्यास्त हक्काचा. मग बॅकबेला भराव पडला आणि १९३० नंतर समोर आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली, गोलाई घेतलेल्या गॅलऱ्यांची, फिक्या रंगांची, जराशी नखरेल. समुद्र गेला तो गेलाच. यातली मेख अशी, की बॅकबे बुजवायचं पहिलं मोठं स्वप्न पाहणाऱ्यांत खुद्द प्रेमचंद होते. १८६५ मध्ये त्यांची ती कंपनी बुडाली म्हणून त्यांच्या आईच्या मनोऱ्याला पन्नासेक वर्षं समुद्र बघायला मिळाला. २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही बाजूंना एकाच यादीत घालून जागतिक वारसा ठरवलं. एका पंक्तीला बसल्या आहेत, पण एकमेकींना वाढत नाहीत.

मधे बरीच वर्षं चेहऱ्यावर काजळी साचली होती, खालच्या ग्रंथालयाच्या रंगीत काचांनाही बघवत नव्हतं. २०१३ ते २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पैशाने आणि वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली साग्रसंगीत डागडुजी झाली. तेव्हापासून बाई पुन्हा फोटो काढून घ्यायच्या मनःस्थितीत असतात.

भेटायचं तर रविवारी दुपारनंतर जा. ओव्हलवर एकात एक घुसलेले क्रिकेटचे सामने चालू असतात. कुठल्या सामन्यातला चेंडू आपल्या पायाशी आला हे कळत नाही. तिथे गवतात बसा. ऊन उतरतीला लागलं की बाईंचा वर्ण खुलतो आणि ते त्यांना माहीत असतं. वर चढता येईल का, हे रखवालदाराला विचारू नका. तेच ते उत्तर देऊन तो कंटाळलेला आहे.

आणि बिग बेनचं नाव काढू नका. त्या घड्याळावर नजर ठेवून आपल्याला घडवलं, आणि ते आपल्यापेक्षा छत्तीस फूट उंच आहे, हे दोन्ही मुद्दे बाईंना ठाऊक आहेत. चुकून तोंडातून गेलंच तर लगेच जोडून सांगा, की दुरुस्तीपायी २०१७ ते २०२२ तो म्हातारा जवळजवळ मुकाच होता. बाईंचं दुखणं २०१५ लाच आटोपलं होतं.