बोटीचं इंजिन बंद करायची दोरी

18 डिसेंबर 2024 आठवतोय ना? मुंबई बंदरात इंजिनची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली. इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. डझनाहून जास्त माणसं गेली. नंतर लाइफ जॅकेटवर भरपूर बोललं गेलं, आम्ही छापलंही. जॅकेट हवंच. पण इंजिन ऐनवेळी बंद कसं करायचं, यावर कोणी बोललं नाही.

ती बोट वेगळी, आपल्या डिझेलच्या होड्या वेगळ्या. पेट्रोल इंजिनची चावी फिरवली की ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलला ठिणगी नसतेच. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या पंपाचं इंजिन बॅटरी तुटली तरी धडधडत राहतं. ते थांबवायचं तर पंपावरचा स्टॉप लिव्हर ओढून डिझेलच तोडावं लागतं.

मी पाहिलेल्या कित्येक होड्यांवर या लिव्हरला नायलॉनची दोरी बांधलेली आहे. एका तांडेलाला विचारलं, दोरी तुटली तर? “मगे खाली उतरूचा लागता.” खाली म्हणजे फळी उचलून, फिरत्या पट्ट्याशेजारी वाकून. पंख्यात जाळं अडकलंय, कोणी पाण्यात पडलंय, अशा वेळी!

आमच्या जेटीवरच्या एका मेकॅनिकने यावर साधा उपाय केलाय. सुकाणूजवळ दोन वेगळे दांडे: एक थ्रॉटलचा, एक लाल रंगाचा, फक्त बंद करायचा. दोन्हींना ओढता आणि ढकलता येणारी केबल. सायकलच्या ब्रेकची वायर नुसती ओढली जाते. केबलला कुठे तीव्र वळण नाही, नाहीतर आतली तार घासून अडकते. केबलचं बाहेरचं कवच दोन्ही टोकांना क्लॅम्पने घट्ट धरलंय, कारण ते हललं तर दांडा फिरतो आणि लिव्हर जागचा हलत नाही. थ्रॉटलला परतीची स्प्रिंग आहे, केबल तुटली तर रेस आपोआप उतरते. खाऱ्या हवेत हे सगळं गंजणार, म्हणून दर महिन्याला ग्रीस.

काही मालक म्हणतात, “इतकी वर्षं दोरीवरच चाललं की!” चाललं, खरंय. खलाशाची बोटं पट्ट्यात गेली तर त्याची बातमी होत नाही, एवढंच.

पर्यटनाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बंदर खात्याने एक करावं. तपासणीला आलेल्या प्रत्येक बोटवाल्याला सांगावं, इंजिन पूर्ण रेसवर न्या आणि सुकाणू न सोडता बंद करून दाखवा. अर्धा मिनिट लागतो. प्रवाशांनीही चढताना विचारायला हरकत नाही. तांडेल चिडला तर माझं नाव सांगा.