मुरमातला कोल्विलिया

सप्टेंबर सरत येतो, पाऊस ओसरतो, बांधावरचं गवत कंबरेला लागतं. फुलांचं वर्ष संपलं असंच तेव्हा वाटतं. पळस, पांगारा, बहावा, ताम्हण, गुलमोहर, सगळ्यांचे बहर उन्हाळ्यातच होऊन गेलेले असतात. कोल्विलिया मात्र नेमक्या याच दिवसांत फुलायला घेतो. फांद्यांच्या टोकांना नारिंगी कळ्यांचे घोस धरतात, आपल्याच वजनाने खाली झुकतात, आणि पिकल्या द्राक्षांच्या घडांसारखे हातभर लांब लोंबत राहतात. धुऊन निघालेल्या निळ्या आकाशाखाली तो रंग पाहिला, की उन्हाळ्यातल्या गुलमोहराचा लाल भडकपणा आठवतही नाही.

हा घोस लांबून पाहून भागत नाही. खालची फांदी हाताशी ओढून कळी चिमटीत धरावी. गोल, टपोरी, बाहेरून मखमली लव असलेली. बोटाला ती लव जाणवते, पण चिकटत नाही. जी नारिंगी झळाळी आपण फुलाची म्हणून पाहतो, ती बरीचशी निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरच्या आवरणाची असते. ते जाड आवरण एका बाजूने उकललं की आतल्या पाकळ्या दिसतात आणि दहा पिवळेधमक पुंकेसर बाहेर डोकावतात. घोस देठाकडून उमलत जातो. तो उलटा लोंबत असल्यामुळे वरची फुलं आधी उघडतात आणि टोकाच्या कळ्या बरेच दिवस मिटलेल्या राहतात. एकाच घोसात सुकलेलं, उमललेलं आणि अजून न जागलेलं असं तिन्ही सापडतं. सकाळी शिंजीर पक्षी त्यावर उलटे लटकून मध पितात आणि मधमाश्यांची गुणगुण झाडाखाली उभं राहून ऐकू येते.

हे झाड मूळचं मादागास्करचं. त्या बेटाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला जी कोरडी, पानझडी जंगलं आहेत, तिथलं. बोहेमियात जन्मलेला आणि मॉरिशसमध्ये स्थायिक झालेला वनस्पतिशास्त्रज्ञ वेंसेस्लास बोयर याला ते १८२४ च्या सुमारास मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावर भेटलं. आपल्या गावोगावी रुजलेला गुलमोहर शास्त्राच्या पुस्तकात आला तोही याच बोयरमुळे. कोल्विलियाचं वर्णन १८३४ साली विल्यम हूकर यांच्या ‘बोटॅनिकल मॅगझीन’मध्ये छापून आलं. तेव्हापासून आजतागायत या प्रजातीत दुसरी जात सापडलेली नाही. कोल्विलिया रेसिमोसा, एवढीच. सख्खं भावंड नसलेलं झाड आहे हे.

नाव पडलं ते सर चार्ल्स कोल्विल यांच्यावरून. ते १८२८ मध्ये मॉरिशसचे गव्हर्नर झाले. त्याआधी, १८१९ ते १८२५ या काळात, ते मुंबई इलाख्याच्या फौजेचे सेनापती होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते तोच हा काळ. पेशवाई नुकतीच बुडाली होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ज्याला ओळभरही जागा मिळत नाही असा हा सेनापती एका झाडाच्या नावात मात्र टिकून राहिला. आणखी एक योग मला फार जवळचा वाटतो. ज्या १८३४ साली हे झाड छापील पानावर आलं, त्याच वर्षी २ नोव्हेंबरला ‘अॅटलस’ जहाजातून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात गिरमिटिया मजुरांची तुकडी उतरली. त्यांच्यामागोमाग कोकणातली मराठी माणसंही त्या बेटावर गेली, उसाच्या मळ्यांत राबली आणि तिथलीच झाली. मादागास्करची झाडं मॉरिशसमार्गे जगभर जात होती आणि आपली माणसं त्याच बेटाकडे निघाली होती.

माझ्याकडे बी आलं ते मुंबईतल्या एका जुन्या बागेतून. तिथल्या झाडाखाली पडलेल्या शेंगा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी वेचून ठेवल्या होत्या. शेंग सरळ, फुगीर, लाकडासारखी टणक. आतलं बी लांबट आणि इतकं कठीण, की नुसतं मातीत टाकलं तर पाणी आत शिरायलाच फार काळ जावा. म्हणून बियांच्या एका कडेवर हलकी कानस फिरवायची. डोळ्याची बाजू सोडून, फक्त वरचं कवच खरवडलं जाईल इतकीच. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं. ज्या बीत पाणी शिरलं ते सकाळी टम्म फुगलेलं दिसतं, न शिरलेलं तसंच राहतं. त्याला पुन्हा कानस, पुन्हा पाणी. फुगलेलं बी वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत, बोटाच्या एका पेराएवढं खोल. कोंब वर आला की आधी दोन जाड दलं दिसतात आणि त्यांच्यामधून पहिलं खरं पान निघतं. घडी उलगडत येणारं, पिसासारखं, नखापेक्षाही लहान पर्णिकांचं. मोठ्या झाडाचं पान हातभर लांब होतं. त्याची सगळी नक्षी या पहिल्या पानात आधीच असते.

रोप पिशवीत फार दिवस ठेवू नये. सोटमूळ झपाट्याने खाली जातं आणि पिशवीचा तळ लागला की गोल फिरू लागतं. असं गुंडाळलेलं मूळ पुढे जमिनीतही सरळ होत नाही आणि मोठं झाड वाऱ्यात उभं राहायला कच्चं ठरतं. मी ते पहिल्या पावसातच भोरच्या वाटेवरच्या आमच्या तुकड्यात लावलं. जमीन मुरमाड, उताराची. शेजारचे आबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

“ताई, ह्यो गुलमव्हरच हाय की.”

“गुलमोहराच्या गावचा आहे आबा, पण वेगळा. पावसाळा संपल्यावर फुलतो.”

“मंग ह्याला हिवाळ्यात पानी घालू नगा. दमानं घ्या.”

आबांनी हे झाड कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या निगराणीचं सार त्यांनी सांगून टाकलं. जिथून ते आलं त्या पश्चिम मादागास्करात पाऊस वर्षाचे थोडेच महिने पडतो आणि उरलेलं वर्ष कोरडं ठणठणीत जातं. तिथलं रान पानं गाळून तो काळ काढतं. आपला दख्खनही असाच. म्हणून या झाडाला द्यायचं ते बेतानं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात जगण्यापुरतं पाणी, बुंध्यापासून जरा लांब आळं करून. पावसाळ्यात उताराकडे चर, म्हणजे पाणी तुंबून मुळं कुजत नाहीत. वाळवीसाठी निंबोळी पेंड. शेरडांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कारण कोवळा पाला त्यांना फार आवडतो. शेणखत एकदाच, लावताना. हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळायला लागली की हात आवरायचा. प्रेमळ माणसाला हेच सगळ्यांत जड जातं. उघडी फांदी पाहून पाणी घालावंसं वाटतं, खत टाकावंसं वाटतं. पण तो त्या झाडाचा विश्रांतीचा काळ आहे. तो त्याला मिळाला तरच पुढच्या पावसाळ्यानंतर घोस धरतात.

कुळ शेंगांचं. तूर, हरभरा, भुईमूग, सगळे त्याचे दूरचे आप्त. भुईमूग उपटला की मुळांवर नत्राच्या गाठी दिसतात. माझ्या रोपाच्या मुळांवर मला तशा गाठी दिसल्या नाहीत. जमिनीला काही परत देतो तो पाल्याच्या रूपाने. त्या बारीक पर्णिका गळून बुंध्याभोवती मऊ थर होतो, आणि मी तो झाडून टाकू देत नाही.

भूगर्भशास्त्र सांगतं, की भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना चिकटलेले होते. हे वाचलं की मन लगेच गोष्ट रचू लागतं, झाड आपल्या जुन्या घरी परतलं वगैरे. ते खरं नाही. शेंगावर्गाच्या कुळाचे जुने अवशेष त्यानंतरच्या काळातले आहेत. हे झाड समुद्रापलीकडचं आहे आणि माणसांच्या हातांतून इथे आलं आहे. मला हे सत्य जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात आपली जबाबदारी येते.

मादागास्करची ती कोरडी जंगलं शेतीसाठी जाळली जातात, कोळशासाठी तोडली जातात. प्रचंड बुंध्याचे बाओबाब ज्या रानात उभे आहेत, त्याच भागात हे झाडही वाढतं. रान गेलं की बाओबाब एकेकटे माळावर उभे राहतात. मोरोंदाव्हाजवळच्या प्रसिद्ध बाओबाबांच्या रांगेचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात सौंदर्य दिसतं, पण त्या झाडांभोवतालचं जंगल कुठे गेलं, हे मनात येत नाही. इथे एक कोल्विलिया लावून तिथलं जंगल वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या झाडाचं बी आपण हातात घेतो, त्याच्या मुलखाची विचारपूस करणं आलंच.

आणि म्हणूनच हे झाड रस्त्याच्या दुतर्फा शेकड्यांनी लावा, असं मी म्हणणार नाही. गुलमोहराच्या बाबतीत आपण तसं केलं आणि आपले करंज, पळस, काटेसावर मागे पडले. सलग लागवड देशी झाडांचीच हवी. कोल्विलिया मोकळ्या जागेत एखादाच शोभतो, पन्नास फुटांच्या वर जाणारा, ऐसपैस. वीजतारांखाली नको, घराच्या भिंतीला लागून नको. शाळेच्या मैदानाचा कोपरा, देवळामागचा माळ, शेताचा बांध, अशी जागा त्याला पुरते. पुणे-मुंबईच्या जुन्या बागांत जी थोडी मोठी झाडं आहेत ती म्हातारी होत चालली आहेत. वादळात एखादं पडलं, तर त्याच्या जागी दुसरं लावायला रोपवाटिकेत सहसा मिळत नाही.

तेव्हा या ऑक्टोबरात बागेत फिरताना नारिंगी घोस लोंबताना दिसले, तर झाड लक्षात ठेवा. शेंगा वाळून खाली पडायला लागल्या की माळीदादांना विचारून चार शेंगा वेचून आणा. बीला कानस लावा, रात्रभर भिजवा. रुजलेल्या रोपांतलं एक स्वतः ठेवा आणि बाकीची, जागा असलेल्या माणसांना देऊन टाका.